सोमवारचे पहिले दहा

तोमिए कुबोता जपानमधल्या मिकावातल्या आमच्या कारखान्यात एकोणतीस वर्षं ब्रेकचे रबरी सील दाबत होत्या. त्यांच्या यंत्राशेजारी त्यांच्याच अक्षरातला कागद चिकटवलेला होता : 'सोमवारी पहिले दहा टाकून द्या.'

रविवारी यंत्र बंद असतं. सोमवारी काटा तापमान बरोबर दाखवतो, पण साचा आतून गारच असतो, म्हणून पहिले दहा सील कच्चे निघतात. हे तोमिएसाननी शोधलं. कामगारांच्या गुणवत्ता मंडळात मांडलं तेव्हा त्या वेळच्या साहेबांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या होत्या.

एकोणीस वर्षांनी कारखान्याला परदेशी प्रमाणपत्र हवं झालं. कामाची पद्धत पुस्तकात लिहायला मला घेतलं, कारण मी साहित्य शिकलो होतो.

"कविराज, माझे दहा विसरू नकोस हं," तोमिएसान म्हणाल्या. "बाकी काय अलंकार घालायचे ते घाल."

मी लिहिलं. विभागप्रमुख निशिवाकींनी ते वाक्य खोडलं.

"चांगला माल फेका, असं तपासनिसाला दाखवायचं? आणि तो भिंतीवरचा कागद काढ. मंजुरी नसलेलं काही यंत्राजवळ नको."

कागद मीच काढला.

प्रमाणपत्र आलं. जानेवारीत ग्राहकाकडे एक सील गळला. सोमवारचा होता.

निशिवाकींनी तोमिएसानपुढे चुकीचं मूळ शोधायचा तक्ता ठेवला. त्यात 'का?' पाच वेळा विचारलेलं असतं.

"पाचव्या ओळीत लिहा, माझं दुर्लक्ष झालं."

"पुस्तकात होतं तेच केलं मी. अक्षर न् अक्षर."

"मग आधी सांगायचं होतंत!"

"एकोणीस वर्षं भिंतीवर काय रांगोळी काढली होती मी?"

"निवृत्तीला दोन वर्षं राहिलीत, तोमिएसान. शिक्का मारा, विषय संपवा."

त्यांनी पाचव्या ओळीत लिहिलं : 'जिला माहीत होतं, तिला गप्प केलं.' खाली सहीच्या जागी स्वतःच्या नावाचा शिक्का मारला. जोरात.

निशिवाकींनी तक्ता माझ्याकडे भिरकावला. "हे जरा नीट भाषेत लिहून आण."

"भाषा नीटच आहे," मी म्हणालो. तक्ता परत त्यांच्यापुढे ठेवला.

मग दुसऱ्या कुणीतरी लिहिलं. 'दुर्लक्ष' असंच लिहिलं.

तोमिएसानना खोकी बांधायला पाठवलं. त्यांच्या यंत्रावर नवी बाई आली आहे. सोमवारी ती पहिल्या सीलपासून माल भरते. तोमिएसान खोकी घेऊन समोरून जातात, थांबत नाहीत.

आमच्याकडे प्रत्येकाने महिन्याला सुधारणेच्या दोन चिठ्ठ्या द्यायच्या असतात. तोमिएसान दोन कोऱ्या चिठ्ठ्या घडी घालून देतात. निशिवाकी त्या न उघडता मोजतात आणि भिंतीवरच्या यादीत त्यांच्या नावापुढे खूण करतात : पूर्ण.