सणासाठी राखलेले काप

शुब्रा नावाच्या वस्तीतल्या एका वाणसामानाच्या दुकानात, मांस कापायच्या यंत्रामागे वदीअची तीस वर्षं गेली. या तीस वर्षांत तो गिऱ्हाइकावर खेकसला नाही असा दिवस सापडणं मुश्किल. लाँशून, म्हणजे ऑलिव्ह घातलेलं ते शिजवलेलं गुलाबी मांस, पातळ कापून कागदात बांधताना तो दरडावायचा: फ्रिजमध्ये तीन दिवस, फार तर पाच, मग सरळ कचऱ्यात. कुणी म्हणालं की वास तर येत नाही, तर त्याच्या तळपायाची आग मस्तकात जायची. नाकावर भरवसा ठेवणारेच दवाखान्यात भरती होतात, असं तो ऐकवायचा. घरी आला की मात्र हा माणूस मुका. जेवायचं आणि आडवं व्हायचं.

ऑगस्टमध्ये तिथल्या ख्रिस्ती घरांत मरियमचा उपास लागतो. पंधरा दिवस मांस वर्ज्य. उपासाच्या आदल्या दिवशी त्याने पाव किलो काप घरी आणले. दुपारच्या जेवणातच फस्त होतील अशी त्याची समजूत. पण बायकोने, इन्साफने, ते तसेच फ्रिजमध्ये सारले. उकाडा मरणाचा, वीज रोज दोन-दोन तास गायब. तरी देवाने दिलेलं टाकायचं नसतं, हे तिचं ठाम मत.

उपास सुटतो त्या सणाच्या सकाळी चर्चमधून सगळे घरी आले. लेक नर्मीनही आली होती. लग्नाला आठ वर्षं, दोनदा गर्भ पडलेला, आता सहावा महिना. वदीअ हात धुऊन येतो तो तिच्यापुढे कापांची बशी. त्याने तर पंधरा दिवसांत घरी मांस आणलंच नव्हतं. त्याने बशी हिसकावून कचऱ्यात उपडी केली.

"अक्कल गहाण टाकलीस का? पोटुशी असलेल्या पोरीला हे वाढतात?"

"सणासुदीला अन्न फेकता? वास घेऊन बघितलाय मी. चांगले आहेत."

"वासाने कळत असतं तर तीस वर्षं मी घसा कशाला फोडला असता?"

"कुणापुढे फोडलात? मला कधी सांगितलंत?"

नर्मीन हळूच म्हणाली, "बाबा, मी चार खाल्ले."

त्याने तिला तसंच इस्पितळात नेलं. डॉक्टरीणबाईंनी तपासलं, बाळाचे ठोके ऐकवले आणि म्हणाल्या, आज सगळं ठीक आहे, पण अशा मांसातले जंतू उशिराही बाधतात, बाळालाही; दोन महिने डोळ्यांत तेल घालून जपा, अंग जरा तापलं तरी त्या क्षणी घेऊन या. वदीअ त्यांच्यावरही चिडला. दोन महिने नुसती वाट बघायची?

बाहेरच्या बाकावर इन्साफ ओढणीत हात गुंडाळून बसली होती.

"उपासाआधी एक कापही तोंडात घातला नाही मी," ती म्हणाली. "तिला आवडतात ना. सगळे तिच्यासाठी राखले."

वदीअला शिव्यांची कधी वाण नव्हती. या बाईला कुठली द्यावी ते त्याला सुचेना, आणि त्याचाच त्याला जास्त राग आला.