भोयरबाईंचे ‘येतो’

शाळा सुटताना भोयरबाई वर्गाच्या दारात उभ्या राहत आणि पहिलीच्या प्रत्येक मुलाकडून ‘येतो’ वदवून घेतल्याशिवाय त्याला उंबरा ओलांडू देत नसत. मूल म्हणे, “येतो, बाई.” बाई म्हणत, “येजो.” नव्या मुलांचे स्वागत इतर शाळांत सकाळी होई, देवळीच्या आमच्या शाळेत ते शाळा सुटताना होई. “पहिल्या दिवशी तर कोनीबी येते, सर,” त्या मला सांगत. “शाळा दुसऱ्या दिवशी सुरू होते.”

मी मुख्याध्यापक होतो. मुलींनी ‘येते’ म्हणावे, ‘येतो’ नव्हे, असे मी बाईंना एकदा सुनावले. “आधी पोट्टी परत येऊ द्या,” त्या म्हणाल्या. “व्याकरन तिच्या मागून येईल.” वर्गात त्या प्रमाण मराठी शिकवीत, आणि उत्तम शिकवीत. माझ्याशी मात्र हट्टाने वऱ्हाडी बोलत. तो हट्ट मी चालवून घेतला.

सत्तरचे दशक संपत आले होते. त्या जूनमध्ये शेवंता नावाची मुलगी पहिलीत आली. दिवसभर पाटीवर वाकून रमली. सुटताना दारात येऊन म्हणाली, “जातो.” मुले हसली. निघताना ‘जातो’ म्हणणे आपल्याकडे अशुभ.

“जातो नाई म्हनत, बाप्पा. येतो म्हन.”

“काऊन म्हनू? मी येनारच नाई. बाबानं सांगतलं, एक दिवस पाहून ये. उद्यापासून भावाले सांभाळाचं हाये.”

मुलांचे हसणे थांबले. शाळा तिला हवी होती, हे दिसत होते. पण त्यासाठी ती खोटे बोलणार नव्हती.

“बरं,” बाई म्हणाल्या. “मग मीच येतो.”

म्हटल्यावर जाणे आलेच. संध्याकाळी त्या तिच्या घरी पोचल्या. बाप म्हणाला, “आमी दोघं मजुरीले जातो, बाई. बारक्याले कोन पाह्यन?”

“शेवंताच पाह्यन. वर्गात बसून. त्यालेबी धाडा.”

दुसऱ्या दिवशी शेवंता भावाला कडेवर घेऊन शाळेत आली. मी बाईंना बोलावले. म्हणालो, “हे नियमात बसत नाही.”

“नियमात नाई बसत, सर, पन पोत्यावर बसते. पाहा तुमी.”

मी जाऊन पाहिले. बसला होता, फळ्याकडे तोंड करून. मी कार्यालयात परतलो. तो विषय पुन्हा काढला नाही.

पुढे ऐंशीच्या दशकात बाई निवृत्त झाल्या. मुलगा चंद्रपूरला नोकरीत होता. त्यांचे बिऱ्हाड तिकडे चालले होते. निरोपाची भाषणे झाली. माझे सर्वांत लहान होते. शेवंता तेव्हा हायस्कुलात होती. ती मुद्दाम आली होती. बाई निघाल्या, तशी दारात वाट अडवून उभी राहिली.

“बाई, आता तुमी म्हना.”

बाईंनी पदराने चष्मा पुसला. “खोटं कसं म्हनू वं? आता कायचं येनं होते माह्यं.”

“मग मीच येतो.”

“येजो,” बाई म्हणाल्या. शेवंता बाजूला झाली.

‘येते’ हवे होते. मी सुधारले नाही.

दिवाळीच्या सुटीत शेवंता भावाला घेऊन चंद्रपूरला गेली.