आशाताईचा आपोआप कटणारा फोन

रेणुकाताई आमच्या गावची आशा कार्यकर्ती. पालमहून आत येणाऱ्या रस्त्यावरचं आमचं शेवटचं गाव. त्याच्यापुढं नुसती शेतं आणि आखाडे, म्हणजे शेतातली राहती खोपटं. गावात आज शाळेत जाणाऱ्या बहुतेक लेकरांच्या जन्माच्या वेळी ही बाई दवाखान्याच्या बाकावर बसलेली होती. आणि तरी तिच्याएवढं भित्रं माणूस मी पाहिलेलं नाही. कुत्र्याला भिते, विजेला भिते, तालुक्याच्या मीटिंगमध्ये आपलं नाव पुकारलं तरी तिच्या हाताला घाम सुटतो. फोन वाजला की ती आधी दचकते. कोणाचं काय झालं असेल, हेच पहिलं मनात येतं. पण ती फोन उचलते. जेवताना, अंघोळीतून ओल्या हातानं, कुठूनही उचलते. आशाताईनं फोन उचलला नाही, असं आमच्या गावात कोणी कधी म्हटलं नव्हतं.

मागच्या दिवाळीत तिच्या नवऱ्यानं, सिद्धोधननं, परभणीहून तिला नवा स्मार्टफोन आणून दिला. सिद्धोधन पालमच्या एका गॅरेजात ट्रॅक्टर दुरुस्त करतो. वर्षभराची वॉरंटी आहे, डब्बा फेकू नको, एवढं त्यानं बजावलं होतं. हिवाळाभर फोन चांगला चालला. उन्हाळा लागला आणि तो आपल्या मनानं वागायला लागला.

आधी नुसती स्क्रीन थरथरायची. मग एके दुपारी तिनं पाहिलं, फोन फळीवर आहे, जवळ कोणी नाही, आणि स्क्रीनवर अक्षरं उमटायलीत. कककक, मममम, मग कुठला तरी फोटो उघडला, मग आरोग्य खात्याच्या ग्रुपवर ती सगळी अक्षरं गेलीसुद्धा. डॉक्टरीणबाईंनी प्रश्नचिन्ह पाठवलं. रेणुकाताईच्या अंगावर काटा आला. कोणी तरी लांबून आपला फोन चालवतंय, आपण घरात काय बोलतो ते ऐकतंय, असं तिला वाटलं. तिनं फोन पालथा ठेवला, त्यावर टोपलं झाकलं आणि सासूला हाक मारली.

सरजाबाईंनी टोपलं उचलून पाहिलं. "भूतबित आपल्यात कोणी मानत न्हाई," त्या म्हणाल्या, "पण मग हे काय हाय गं?"

सिद्धोधनला सांगितलं तर तो म्हणाला, "सुट्टी भेटली की परभणीला दाखवू." सुट्टी काही भेटली नाही. फोन दोन दिवस नीट चालायचा, मग पुन्हा बिघडायचा. रेणुकाताई त्याला भीत भीतच वापरत राहिली.

मग ती दुपार आली. ऊन असं होतं की गल्लीत कोंबडीसुद्धा नव्हती. ती भाकरी थापत होती, फोन खिडकीत चार्जिंगला लावलेला. तो वाजला. पीठभरले हात पुसत ती उठली आणि स्क्रीनवर नाव दिसलं. गोपाळ. त्याची बायको सविता गरोदर होती, सात महिने सरलेले, आणि दोघं ओढ्यापलीकडं आखाड्यावर राहायची. ती हात लावणार, तेवढ्यात लाल खुणेवर कोणी बोट दाबावं तसा फोन आपोआप कट झाला.

तिनं परत लावायला घेतला. स्क्रीन वर पळे, खाली पळे, बोट एकीकडं आणि फोन दुसरीकडं. पुन्हा गोपाळचा फोन आला. ती हिरव्या खुणेवर बोट दाबत होती, आणि तिच्या डोळ्यांदेखत तो पुन्हा कट झाला. पुन्हा आला, पुन्हा कट. तिकडं माणूस जीव तोडून हाका मारतोय आणि इकडं आपल्याच हातातली वस्तू त्याला हाकलून देतेय, असं ते होतं. ती किंचाळली. सरजाबाई धावत आल्या, पण त्या तरी काय करणार?

रेणुकाताई तशीच निघाली. पायात चप्पल होती की नाही ते तिला आजही आठवत नाही. आखाड्याच्या वाटेवर कुत्री असतात म्हणून ती एरवी एकटी कधी त्या वाटेनं जात नसे. त्या दिवशी कुत्री भुंकत अंगावर आली आणि ती त्यांच्यातून पळत गेली. मनात एकच होतं, उशीर झाला असेल.

सविता बाजेवर होती. लुगडं रक्तानं भिजलेलं, ओठ पांढरे पडलेले. गोपाळ फोन हातात धरून उभा होता. रेणुकाताईला पाहताच तो ओरडला, "ताई, तुमी फोन कट करायलात? इथं बाई मरायलीय आणि तुमी कट करायलात?"

"मी न्हाई केला, भाऊ. आधी तुझा फोन दे." तिनं त्याच्याच फोनवरून एकशे आठला लावला, पत्ता सांगितला. मग सविताचे पाय उशीवर उंच केले आणि तिचा गार हात धरून बसली. गाडी येईपर्यंत ती तिच्याशी बोलत राहिली, पण काय बोलली ते तिला माहीत नाही.

गाडी आली. पालमहून परभणीला पाठवलं, तिथं ऑपरेशन झालं. सविता वाचली. लेकरू लहानखुरं होतं, ते काचेच्या पेटीत ठेवलं, पण तेही वाचलं. सगळं ठीक झालं, असं लोक म्हणाले.

रेणुकाताईपुरतं मात्र ठीक झालं नव्हतं. गोपाळनं पारावर चार माणसांत सांगितलं, आशाताईनं माझा फोन कट केला, एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा. ती सांगायला गेली की फोन आपोआप कटतो, तर माणसं एकमेकांकडं बघायची. फोन आपोआप कसा कटेल? एक म्हातारा नुसता हसला. त्या हसण्याची तिला कुत्र्यांपेक्षा जास्त भीती वाटली.

आणि गावात अर्पिता होती. पहिलटकरीण, बाळंतपणाला माहेरी आलेली. पाय सुजलेले, बीपी वाढलेलं, दिवस भरत आलेले. रेणुकाताई तिच्या घरी जायची, बीपी मोजायची, आणि घरी येताना तिला डोळ्यांपुढं दिसायचं, अर्पिताचं नाव स्क्रीनवर येतंय आणि लाल खूण आपोआप दाबली जातेय. फोन वाजण्याची भीती तिला जन्माचीच होती. आता तो वाजला तर आपल्याला कळणारच नाही, ही भीती लागली. जेवण जाईना. शेवटी तिनं सिद्धोधनच्या सुट्टीची वाट बघणं सोडलं. डब्बा, बिल पिशवीत घातलं आणि एकटीच एसटीनं परभणीला गेली.

सर्व्हिस सेंटर म्हणजे काचेचं दार, आत थंडगार हवा, खुर्च्यांवर नंबर धरून बसलेली माणसं. काउंटरवर आदिनाथ नावाचा तरुण होता. त्यानं फोन घेतला, इकडून तिकडून बोट फिरवलं, कसली तरी चाचणी लावली. ती श्वास धरून बघत होती. फोन शहाण्या लेकरासारखा वागला.

"मॅडम, काही प्रॉब्लेम दिसत नाही," आदिनाथ म्हणाला.

"आपोआप कटतो हो. आपोआप लिहितो."

"पडला होता का? पाण्यात गेला होता का? तसं असेल तर वॉरंटी बसत नाही."

"न्हाई पडला." तिचा आवाज इतका कापला की तिचं तिलाच ते खोटं वाटलं. "थोडा येळ ठेवा ना. बघा तरी."

त्यानं फोन चार्जिंगला लावून ठेवला. ती समोर बसली. माणसं आली, गेली. फोन गप्प. त्या थंड खोलीत तिला घाम फुटला. हा असाच नीट राहिला तर? हे लोक तसाच परत देतील. मग गोपाळचंच खरं. मग आपणच कट केला. खरंच आपलंच बोट तर लागलं नसेल ना, असंसुद्धा क्षणभर तिला वाटून गेलं.

आदिनाथनं फोन परत दिला. "पुन्हा झालं तर व्हिडिओ काढून आणा."

ती बाहेर आली. काय करावं सुचेना. दुपारचं ऊन फुफाट्यासारखं होतं, सावलीला जागा नव्हती. सिद्धोधनला सांगावं म्हणून ती तिथंच कडेला उभी राहिली. रिक्षांच्या गोंगाटात त्याचा आवाज ऐकू येईना, तो म्हणत राहिला परत ये, आणि ती म्हणत राहिली कशी येऊ. बोलता बोलता फोन कानाला चटका बसेल इतका तापला. तिनं तो कानापासून काढला, तर स्क्रीन थरथरत होती. सिद्धोधनचा फोन कटला होता आणि कॅमेरा आपोआप उघडला होता. स्क्रीनवर तिला तिचाच घामेजलेला चेहरा दिसला.

ती दार ढकलून आत धावली. फोन विंचू धरावा तसा लांब धरलेला. "बघा! आता बघा!"

खुर्च्यांवरची माणसं वळली. आदिनाथ उठला, आणि ती त्याच्यापर्यंत पोचते तोवर त्या गार हवेत फोन शांत झाला.

तिला रडू आवरेना. सगळ्यांच्या देखत, बाकी काही न सांगता, ती एवढंच म्हणाली, "दादा, एक पोरगी हाय गावात. पहिलटकरीण. तिचा फोन येईल आणि हा कट करील. एकदा असं झालंय. ती बाई वाचली, पण आता मला लय भेव वाटायलंय."

आदिनाथ काउंटरच्या मागून बाहेर आला. "चला," म्हणाला, "कुठं उभ्या होतात ते दाखवा."

दोघं उन्हात उभे राहिले. त्यानं तिचा फोन हातात घेतला आणि आपल्या फोनवरून तिचा नंबर लावला. वाजला, नीट वाजत राहिला. तिच्या काळजाचं पाणी झालं. त्यानं पुन्हा लावला. ऊन दोघांच्या डोक्यावर होतं. मग स्क्रीन थरथरली, आणि त्याच्याच हातात, त्याच्या नजरेसमोर, लाल खूण दाबली गेली. त्यानं पुन्हा लावला. पुन्हा कट. त्यानं सगळ्याचा व्हिडिओ काढला आणि सावकाश म्हणाला, "बरोबर आहे तुमचं. टच खराब आहे, गरम झाला की बिघडतो. हा बदलूनच मिळेल."

"आज?"

"आज नाही. कंपनीकडून मंजुरी यायला, नवा यायला आठवडाभर तरी लागेल. हा इथं ठेवावा लागेल."

आठवडाभर! तिच्या डोळ्यांपुढं अर्पिताचे सुजलेले पाय आले. पण आदिनाथनंच मग तिचं सिमकार्ड काढून कागदात गुंडाळून दिलं. "घरी साधा बटणाचा फोन असेल ना? त्यात घाला. नंबर तोच चालू राहील."

तेवढ्यासाठी तर ती मरत होती आणि तिला हे सुचलंच नव्हतं. परतीच्या गाडीत ती पदराच्या गाठीत ते सिम घट्ट धरून बसली. या घडीला आपला फोन कुठंच वाजत नाही, हा विचार पिंगळी गेली, गंगाखेड गेलं, तरी तिला सोडेना. घरी पोचताच तिनं, सरजाबाई नुसती गाणी ऐकायला वापरायच्या त्या बिनसिमच्या जुन्या बटणाच्या फोनात सिम घातलं आणि चहासुद्धा न घेता अर्पिताकडं गेली. अर्पिता दारात बसून शेंगा फोडत होती. रेणुकाताई उंबऱ्यावरच मटकन बसली.

"काय झालं, ताई?" अर्पितानं विचारलं.

"काही न्हाई. एक फोन लाव बरं मला."

अर्पितानं लावला. पदराखाली बटणाचा फोन कर्कश वाजला. रेणुकाताईनं तो उचलला, समोर बसलेल्या पोरीला "हॅलो" म्हणाली, आणि दोघी हसल्या.

तो आठवडा तिनं कसा काढला ते तिलाच ठाऊक. फोन वाजला तर भीती, वाजला नाही तर जास्त भीती. दिवसातून कितीदा तरी ती सासूला म्हणायची, बघा बरं, वाजायलाय का. अर्पिताचा फोन आला तो सकाळी, सडा घालताना. उचलला. गाडी बोलावली, सोबत गेली. परभणीला मुलगी झाली. दोघी सुखरूप.

तिथूनच ती सर्व्हिस सेंटरला गेली. आदिनाथनं नवा फोन डब्ब्यासकट पुढं केला. ती हात लावेना. "आधी तुमीच लावून बघा," म्हणाली. त्यानं उन्हात जाऊन लावून दाखवला, तेव्हा तिनं घेतला.

नवा फोन चांगला चालतो. गोपाळ काही माफीबिफी मागायला आला नाही. लसीकरणाच्या दिवशी सविता लेकराला घेऊन येते, तो बाहेर थांबतो. पण रेणुकाताई बाहेर पडताना तो एकदा म्हणाला, "ताई, आता काही झालं तर मी आधी एकशे आठला लावणार. मग तुमाला."

"तसंच कर," रेणुकाताई म्हणाली. आता ती प्रत्येक गरोदर बाईला हेच सांगते.