कोहळ्यावरचा पहिला वार

तमाम वाचकांना अत्यंत गंभीरपणे कळविण्यात येते की, कोहळं हे दिसलं, घेतलं आणि थैलीत टाकलं असं फळ नव्हे. आधी त्याची मुलाखत घ्यावी लागते. (पुण्या-मुंबईकडे ज्याला लाल भोपळा म्हणतात, त्याला आम्ही नागपूरकर कोहळं म्हणतो, वाद नको.) हा नियम आमच्या मामीचा, आणि पितृपक्षापासून कोजागिरीपर्यंत सक्करदऱ्याच्या बाजारात तो कायद्यासारखा चालायचा.

मामा कोराडीच्या वीज केंद्रात होते. कॉलेजसाठी मी त्यांच्याच कॉलनीतल्या क्वार्टरमध्ये राहत असे. मामी एका कोहळ्यासाठी दोन बस बदलून बाजारात यायची, ढिगापुढे बसकण मारायची, टकटक करून कान लावायची. मग निकाल. "पितरांच्या भाजीले कोवळं पाहिजे, नख रुतलं पाहिजे. खिरीले दिसते त्याहून जड. अन् बोंडाले नख हरलं पाहिजे, देठ वाळून लाकूड झाला पाहिजे." बोंडं म्हणजे कोहळं, गूळ आणि कणकेची गोड भजी, मामीचा जीव त्यात. भाजीवाली ओरडायची, "मामी, नख नका लावू!" मामीचं उत्तर तयार, "लग्नाच्या पोरीले घासूनपुसून पाहतेत, मंग याले काहून नाही?"

एकच गोष्ट मामीच्या हातात नव्हती. आमच्याकडे अख्खं कोहळं बाईनं चिरायचं नाही. पहिली सुरी पुरुषाची. त्यामुळे मामा बाह्या सरसावून यायचे, वार करायचे आणि आतला केशरी रंग पाहून म्हणायचे, "पाहा, कसं निघालं!" जणू वेल त्यांच्याच पोटातून उगवला होता. मामी मुकाट्यानं बिया गोळा करायची.

आणि मग ते नवरात्र आलं. नागपुरातल्या नंदनवन वस्तीतल्या एका मुलाची आई मला पाहायला येणार होती. मुलगा मी आधीच लायब्ररीत चोरून पाहिला होता आणि इतका आवडला होता की नवसापोटी अनवाणी फिरत होते. बाई मात्र कडक. आधीच्या एका मुलीनं डाव्या हातानं पाणी दिलं म्हणून त्या नकार देऊन उठल्या होत्या.

आल्या, बसल्या आणि म्हणाल्या, "चहा राहू द्या. तुमच्या बोंडाचं लई ऐकून आहो."

मामी फुलली. निवडून ठेवलेलं कोहळं थेट बैठकीत घेऊन आली, आणि तिथंच थबकली. सकाळपासून केंद्रातली एक मशीन बंद पडली होती. कॉलनीतला पुरुष न् पुरुष तिकडे धावला होता. शेजारच्या दारांतही बायकाच. माणसं अंधार पडल्याशिवाय यायची नाहीत, आणि बाईंची बस त्याआधीच.

"मंग आता?" बाईंनी भुवया उंचावल्या.

मामीनं पदर खोचला. "निवडलं मी, वाहून आणलं मी, तळणार मी. चिरते बी मीच."

मी तिच्या कानाशी लागले, "मामी, नको वं! लग्न मोडंल!"

"चूप बस. आज फक्त कोहळंच मोडते!"

आणि खच्! दोन फाका दोन बाजूंना कलंडल्या. असा केशरी रंग मामांच्या हातून कधी निघाला नव्हता. मामी सुरा हातात धरून गड जिंकल्यासारखी उभी होती. मी मात्र डोळे मिटून नंदनवनचा निरोप घेत होते.

मामी जाऊन वर्षं झाली. आमच्या घरात आजही कोहळ्यावर पहिला वार बाईचाच. पण त्या दिवशी त्या बाई, ज्यांना मी पुढे आई म्हणू लागले, उठून फाकांजवळ गेल्या. गरावरून बोट फिरवलं. सुऱ्याकडे पाहिलं, मामीकडे पाहिलं, आणि भर बैठकीत त्यांच्या तोंडून निघून गेलं,

"अवं बाई, मंग मी जन्मभर आमच्या यांची वाट काहून पाहून राहिली होती वं?"