हळद लाल होईपर्यंत

तळणाचं तेल गाळून बरणीत भरलं की सोन्यासारखं दिसतं. शेजारचे देवधर सर त्याला भुलत नाहीत. निवृत्तीनंतर ते अशा तेलाचं घरीच डिझेल करून आपली जुनी जीप चालवतात. आज नाक्यावरच्या वडेवाल्या शंकरने तळून उरलेल्या तेलाचा डबा आणून दिला. सरांनी त्यातलं थोडं तेल पेल्यात स्पिरिटमध्ये मिसळलं, चिमूटभर हळद टाकली आणि वरून कॉस्टिक सोड्याचं पाणी थेंबथेंब सोडू लागले. तेल धड असलं तर हळद लवकर लाल होते. मी थेंब मोजत होतो. दहा झाले, वीस झाले. हळद पिवळी ती पिवळीच.

मी एवढा का आसुसलो होतो, कोण जाणे. वरून बरं दिसणारं काहीतरी एकदा आतूनही बरं निघावं, एवढंच वाटत असावं.

“पार खवट झालंय रे,” सर म्हणाले. “इंजिनाला नाही चालायचं.”

शंकरला त्याचं काहीच वाटलं नाही. त्याने डब्याला झाकण लावलं. “राहू द्या सर. अजून दोन घाणे निघतील.”

तासाभराने नाक्यावरून वड्यांचा खमंग वास आला. पेल्यातली हळद अजून पिवळीच होती, आणि माझ्या तोंडाला पाणी सुटलं.