बाजारात बसलेल्या वहिनी

"माका काय कळता त्यातला?" असं म्हणून त्यांनी पदर सावरला, की समजावं, वहिनींना सगळं कळलंय.

पंचायत समितीच्या सभापतींची बायको म्हणून अख्खं गाव त्यांना वहिनी म्हणायचं. मी त्यांचे ब्लाउज शिवायचे. सभेत साहेबांच्या मागे बसायचं आणि लोकांनी घातलेले हार सांभाळायचे, एवढंच वहिनींचं राजकारण, असं आम्हाला वाटायचं. आम्ही सगळेच मूर्ख, दुसरं काय!

मग एकदा आमच्या शेजारची सुलू, मासळी विकणारी, सुजलेलं तोंड घेऊन वहिनींच्या पडवीत येऊन बसली. नवरा पिऊन आला होता. त्या दिवसापासून वहिनी घरोघर हिंडू लागल्या. गावातलं दारूचं दुकान बंद करायचं, तर गावातल्या निम्म्याहून जास्त बायकांनी मतपत्रिकेवरच्या आडव्या बाटलीवर शिक्का मारायला हवा. जी घरी बसेल ती आपोआप दुकानाच्या बाजूची. आणि दुकानदार म्हणजे साहेबांचा उजवा हात!

साहेब कातावले, "माझी खुर्ची जायत!"

"जांव दे. घरात पाट आसा बसाक."

मतदानाच्या दिवशी नेमकी मासळीची रास पडली. कितीतरी दिवस जाळी रिकामी येत होती, आज पाट्या भरलेल्या. त्या टाकून शाळेत मत द्यायला जाणार कोण? दुपार झाली तरी शाळा ओस. दुकानदार मिशीतल्या मिशीत हसत होता.

मी पिशवी घेऊन बाजारातच होते. वहिनी तरातरा आल्या आणि सुलूच्या पाटीमागे त्यांनी बसकण मारली.

"जावा गो, मत देवन येवा. तुमची मासळी मी विकतंय."

वहिनी माहेरच्या कट्टा गावाकडच्या, भातशेतीवाल्या; मासळीचे भाव त्यांना काय ठाऊक! गिऱ्हाईक म्हणेल तो भाव कबूल! सुलू परत आली आणि तिनं कपाळावर हात मारला.

"अगो वहिनी, एवढी म्हाग इसवण बांगड्याच्या भावान दिलात!"

"तू शिक्को मारलंस मां?"

"मारलंय."

"मग गप रव. दुसरीक धाड."

तेवढ्यात साहेबांची जीप आली. साहेब दबक्या आवाजात म्हणाले, "घराक चल. लोक हसतत."

"हसांदेत. बांगडे व्हये तर घेवा, नायतर बाजूक व्हा. गिऱ्हाइका थांबली आसत."

साहेब लालबुंद. समोरून एक म्हातारी काठी टेकत शाळेच्या वाटेला लागली होती. साहेबांनी तिच्याकडे पाहिलं, मग मासळीनं माखलेल्या बायकोच्या हातांकडे पाहिलं. आणि ड्रायव्हरला म्हणाले, "म्हातारेक गाडीत घे. सोडून परत ये, अजून बायका आसत."

खोटं कशाला बोलू, मला रडूच आलं.

बाटली आडवी झाली! ढोल वाजले, गुलाल उडाला, दुकानाला टाळं लागलं. पुढं देवगडपर्यंतच्या बायका वहिनींना आपापल्या गावी घेऊन जाऊ लागल्या. साहेबांचं तिकीट मात्र कापलं गेलं, ते कायमचंच.

आज वहिनी नाहीत. साहेब एकटेच बाजारात येतात. परवा एका नव्या विक्रेतीनं विचारलं, "ह्ये कोण गो?"

सुलू बांगडे निवडता निवडता म्हणाली, "आमच्या वहिनींचो घोव."

एकेकाळचा सभापती तो, नुसता 'वहिनींचा नवरा' म्हटल्यावर मला वाटलं दुखावणार. छे! साहेबांनी टोपी सरळ केली आणि सगळ्या बाजाराला दिसेल असे ताठ उभे राहिले.