काजूकतलीचा वास

आज सकाळी आमच्या वर्तमानपत्राच्या मालकांनी काही निमित्त नसताना प्रत्येकाच्या टेबलावर काजूकतली ठेवली आणि मी माझी न चाखताच बाजूला सरकवली. कांद्याचे भाव लिहिता लिहिता मी अर्थपानाचा संपादक झालो, तो ताळेबंद वाचून नव्हे, पत्रकार परिषदांतला फराळ हुंगून. सामोसा देणारी कंपनी शंभर वर्षं जगते. नुसत्या चहावर भागवणारी तर अमरच. काजूकतली फिरली, की महिन्याभरात दाराला कुलूप. अर्धा शेअरबाजार मी असा बुडण्याआधीच ओळखलाय.

शेजारचे मुद्रितशोधक जोशीकाका खुशीत होते. "साहेब, तुम्ही अर्थवाले. यंदा बोनस पक्का ना? पोरीच्या लग्नाचा हॉल आजच ठरवून टाकू?"

उभ्या महाराष्ट्राला इशारे देणारा मी त्यांना एवढंच म्हणालो, "माझी कतलीही घ्या, काका."